लंडनच्या गोदीतील रोजंदारी आणि तिचे नवे रूप
एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गोदीत मालाची चढउतार मुख्यतः नैमित्तिक मजुरांकडून, म्हणजे कायम नेमणूक नसलेल्या व गरजेपुरत्या बोलावलेल्या माणसांकडून, करून घेतली जाई. सकाळी फाटकाशी गर्दी जमे, मुकादम त्यातून हवी तेवढी माणसे निवडी आणि उरलेल्यांना रिकाम्या हाती परतावे लागे. १८८९ मध्ये कामगार नेते बेन टिलेट आदींच्या नेतृत्वाखालील गोदी कामगारांच्या संपाने तासाला सहा पेन्स मजुरी मिळवली, तरी कामाची अनिश्चितता संपली नाही. १९४७ च्या राष्ट्रीय गोदी कामगार योजनेने मजुरांची नोंदणी करून, हजेरी लावूनही काम न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद केली. ही योजना १९८९ मध्ये रद्द झाली. पुढे गोदीबाहेरही गरजेपुरते काम देण्याची हीच रीत दिसली: मोबाइल अ‍ॅपवरून काम वाटणाऱ्या कंपन्यांनी चालकांना स्वयंरोजगारी ठरवले, त्यामुळे किमान वेतन व पगारी रजेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबर या अशाच टॅक्सी कंपनीच्या चालकांना कामगारांचे हक्क लागू असल्याचा निकाल दिला, तर युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा कामाविषयीचा निर्देश, म्हणजे सदस्य राष्ट्रांनी आपल्या कायद्यात उतरवायची बंधनकारक चौकट, संमत केला. कामाची जोखीम मजुराच्या माथी मारणारी पद्धत कायद्याचा धाक सुटताच नव्या रूपात परतते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.