खानदेशातील मोटारसायकल आणि क्रोमचा साज : दर्जा व शैली यांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : खानदेश, मोटारसायकल, क्रोम मुलामा, सुटा साज, दर्जा, ग्राहक

१. प्रस्तावना

१९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांतूनच आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे आकारास आले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या प्रदेशातील केळी, कापूस, रेल्वे व सराफी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र स्वातंत्र्योत्तर काळात खेडे आणि बाजारपेठ यांतील अंतर ज्या वाहनाने कमी केले, त्या मोटारसायकलीकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. त्या वाहनावर मालकाने पदरचे पैसे खर्चून चढविलेला लेगगार्ड, साडीगार्ड, कॅरिअर, आरसे, सायलेन्सर हा क्रोमचा साज तर अधिकच दुर्लक्षित राहिला.

प्रस्तुत निबंधात या साजाचा दर्जा आणि शैली यांचा कालक्रमाने विचार केला आहे. क्रोमची चकाकी आणि क्रोमचा टिकाऊपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली ग्राहकाच्या डोळ्यांना दिसते, दुसरी दिसत नाही. या साजाचा इतिहास मुख्यतः या दोहोंमधील अंतराचा इतिहास आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. क्रोम मुलाम्याचे स्वरूप

क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोक्लँ यांनी १७९७ मध्ये लावला. तथापि विजेच्या साहाय्याने त्याचा मुलामा देण्याची पद्धत औद्योगिक वापरात आली ती १९२० च्या दशकात. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे कॉलिन फिंक यांचे संशोधन यासंदर्भात महत्त्वाचे मानले जाते. तत्पूर्वी सायकली व मोटारींच्या भागांना निकेलचा मुलामा देत असत. तो गंजापासून संरक्षण देई. परंतु काही काळाने पिवळसर व मंद पडे. निकेलवर क्रोमचा पातळ थर दिल्यास ही उणीव दूर होते आणि किंचित निळसर, आरशासारखी चकाकी दीर्घकाळ टिकते.

शोभेच्या कामात क्रोमचा थर साधारणतः पाव ते अर्धा मायक्रॉन इतकाच असतो. त्याखालील निकेलचा थर मात्र चांगल्या कामात दहा ते तीस मायक्रॉन किंवा त्याहून अधिक असतो आणि त्याच्याही खाली पुष्कळदा तांब्याचा थर देतात. पोलादाचे खरे रक्षण निकेल करते, क्रोम नव्हे. बाजारात या संपूर्ण प्रक्रियेला सर्रास 'निकेल करणे' असे म्हणतात, ते या दृष्टीने यथार्थच होय. निकेलचा थर पातळ वा सच्छिद्र असेल, तर त्या छिद्रांतून ओलावा पोलादापर्यंत पोहोचतो. निकेलच्या सान्निध्यात पोलादाचे क्षरण अधिक वेगाने होते आणि प्रथम तांबूस ठिपके, मग पापुद्रे दिसू लागतात.

३. कारखान्यातील क्रोम

१९५५ मध्ये मद्रास येथे रॉयल एनफिल्डच्या बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने जावा आणि पुढे येझदी या गाड्या बाजारात आणल्या. १९६० च्या दशकातच एस्कॉर्ट्‌स कंपनीची राजदूत रस्त्यावर आली. जावाच्या टाकीच्या दोन्ही बाजूंचे क्रोम, बुलेटचा लांब सायलेन्सर आणि दिव्याची चकचकीत कडा ही त्या काळातील मोटारसायकलीची ओळख होती. क्रोम हा तेव्हा कारखान्यातूनच वाहनासोबत येणारा भाग होता, स्वतंत्रपणे विकत घेण्याची वस्तू नव्हे.

परवाना पद्धतीच्या त्या काळात वाहनासाठी नोंदणी करून वाट पाहावी लागे. साहजिकच एकदा घेतलेली गाडी दीर्घकाळ वापरली जाई. गंजलेला भाग बदलण्यापेक्षा तो उतरवून, घासून, पुन्हा मुलामा देऊन बसविणे हा मार्ग स्वस्त पडे. या पुनर्मुलाम्याच्या कामात ग्राहक व कारागीर यांचा प्रत्यक्ष संबंध येत असल्याने कामाचा दर्जा काही प्रमाणात तोंडओळखीवर अवलंबून राही.

४. सुट्या साजाची बाजारपेठ

१९८४ ते १९८६ या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज केबी १०० या शंभर सीसीच्या गाड्या बाजारात आल्या. कमी इंधनात अधिक अंतर हे त्यांचे मुख्य आकर्षण होते. १९९४ ची स्प्लेंडर आणि २००१ ची पल्सर यांच्या काळापर्यंत वजन व खर्च कमी करण्यासाठी प्लास्टिकचे आणि रंगीत भाग वाढले व कारखान्यातील क्रोमचे प्रमाण घटत गेले. वाहनधारकाच्या मनातील चकाकीची अपेक्षा मात्र एकाएकी नाहीशी झाली नाही. कारखान्याने जे कमी केले, ते सुट्या साजाच्या दुकानांनी पुरविले.

या मालाचे स्रोत खानदेशाबाहेर होते. सायकलीच्या भागांसाठी प्रसिद्ध असलेले लुधियाना, दिल्लीतील करोल बाग, पुण्याची नाना पेठ ही या व्यापाराची ख्यातनाम केंद्रे होत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात मिळतात. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. त्यामुळे दूरवरचा माल येथे पोहोचणे सुलभ होते. मात्र यामुळे वस्तू घडविणारा आणि वापरणारा यांचा संबंध तुटला. मुलामा कोणी दिला व किती जाडीचा दिला, हे दुकानदारालाही ठाऊक असण्याचे कारण उरले नाही.

५. शैली : उपयोग व शोभा

या साजातील काही वस्तूंचा उगम शोभेत नसून गरजेत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार, मागे बसणाऱ्याची सोय असलेल्या मोटारसायकलीला हाताने धरण्याची सोय, पाय ठेवण्याची सोय आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन असणे आवश्यक आहे. वस्त्र चाकात अडकू नये, हा त्यामागील हेतू. नऊवारी वा सहावारी नेसून एका बाजूस बसणाऱ्या स्त्रीसाठी ही तरतूद किती मोलाची आहे, हे सांगणे नलगे. लोकभाषेत या साधनाला साडीगार्ड असेच नाव पडले. लेगगार्ड, दुधाचे कॅन वा खताची गोणी वाहणारे कॅरिअर यांचीही हीच कथा आहे. आधी उपयोग आला आणि नंतर त्याच नळ्यांना वळणे, जाळी व नक्षी प्राप्त झाली.

उपयोगाच्या वस्तूला शोभेचे रूप देण्याची ही वृत्ती खानदेशाला नवी नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणे, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या बसविणे, गळ्यात घुंगुरमाळा घालणे ही कृषिसंस्कृतीची जुनी रीत आहे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतील घोडेबाजारात घोड्यांच्या साजालाही मान असतो. खंडेनवमीला शस्त्रे व अवजारांच्या पंगतीत आता दुचाकीही येऊन बसली आहे. मोटारसायकलीवरील क्रोम हे केवळ पाश्चात्त्य अनुकरण नव्हे, हे यावरून लक्षात येते. अर्थात बाहेरचा प्रभावही नाकारता येत नाही. २००१ ची एलिमिनेटर आणि २००५ ची अ‍ॅव्हेंजर या बजाजच्या गाड्यांनी लांब, बुटक्या, क्रोमने मढलेल्या अमेरिकी धाटणीची ओळख मध्यमवर्गाला करून दिली. पुढे तरुण ग्राहकांची आवड काळ्या, निस्तेज रंगाकडे वळू लागली. तरीही २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले तेव्हा टाकीवरील क्रोमसह आले. एके काळी सामान्य असलेले क्रोम आता स्मरणरंजनाचे चिन्ह बनले आहे.

६. दर्जाचा प्रश्न

खानदेशातील वापराची परिस्थिती मुलाम्याची कसोटी पाहणारी आहे. पावसाळ्यात काळी चिकण माती मडगार्डच्या आत व नळ्यांच्या सांध्यांत बसते आणि ओलावा धरून ठेवते. रावेर-यावल पट्ट्यातील केळीला पालाश मोठ्या प्रमाणात लागते. म्युरिएट ऑफ पोटॅश या खतातील क्लोराइड धातूच्या क्षरणास पोषक ठरते. त्यातच क्रोमचा मुलामा नळीच्या आतील बाजूस सहसा पोहोचत नाही. त्यामुळे लेगगार्ड बाहेरून चकाकत असतानाही आतून गंजत जाऊ शकतो. अपघातात लेगगार्डचे सामर्थ्य नळीची जाडी आणि वेल्डिंग यांवर अवलंबून असते, चकाकीवर नव्हे. पातळ नळीचा गार्ड आघाताने आत वाकून पायच अडकण्याचा धोका असतो.

निकेल-क्रोम मुलाम्यासाठी आयएस १०६८ हे भारतीय मानक उपलब्ध आहे व त्यात वापराच्या तीव्रतेनुसार थरांची जाडी ठरवून दिलेली आहे. सुट्या साजाच्या वस्तूंवर मात्र अशा मानकाचा उल्लेख सहसा आढळत नाही. शुद्ध सोन्यासाठी ख्याती असलेल्या जळगावात ही बाब विशेष जाणवते. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाला. १ जून २०२१ पासून हेल्मेटलाही आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. पायाचे रक्षण करणाऱ्या गार्डची पारख मात्र अद्याप नजरेवरच चालते. ग्राहक चुंबक लावून 'स्टील' ओळखू पाहतो. परंतु कमी निकेलचे, लवकर डागाळणारे २०० श्रेणीचे स्टेनलेस स्टीलही चुंबकाला फारसे चिकटत नाही. साहजिकच ही चाचणी अपुरी ठरते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यास मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. कर्कश आवाजाचा सायलेन्सर आणि साधे साडीगार्ड यांतील भेद ग्राहकास माहीत असणे म्हणूनच आवश्यक आहे.

७. चकाकीची किंमत

दर्जाचा विचार ग्राहकापाशी थांबत नाही. पारंपरिक मुलाम्यात वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये नमूद केले. हौदातून उठणाऱ्या तुषारांमुळे कामगारांच्या नाकाच्या पडद्याला छिद्र पडणे हा या व्यवसायातील परिचित विकार आहे. भारतात मुलामा उद्योगाच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी आहे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापरास पूर्वपरवानगी आवश्यक केली. त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय तुलनेने सुरक्षित आहे. मात्र सांडपाण्याची प्रक्रिया टाळून तयार झालेला माल बाजारात स्वस्त ठरतो आणि पुष्कळदा त्याच मालात निकेलचा थरही राखून वापरलेला असतो. जेथे कामगाराच्या आरोग्यावरील खर्च वाचविला जातो, तेथे ग्राहकाच्या वस्तूतही काटकसर होण्याची शक्यता अधिक असते.

८. निष्कर्ष

१. खानदेशातील क्रोमचा साज उपयोग व शोभा यांच्या संयोगातून वाढला. त्याची मुळे बाह्य प्रभावाइतकीच कृषिसंस्कृतीतील साजाच्या परंपरेतही आहेत.

२. कारखान्यातील क्रोम घटल्याने सुट्या साजाला वाव मिळाला. परंतु कारागीर व ग्राहक यांचा संबंध तुटल्याने दर्जाची हमी क्षीण झाली.

३. मुलाम्याचा दर्जा क्रोमच्या चकाकीवरून नव्हे, तर निकेलच्या जाडीवरून व मूळ नळीच्या बळकटीवरून ठरतो. लेगगार्डसारख्या संरक्षक वस्तूंवर मुलाम्याचे मानक व नळीची जाडी छापणे बंधनकारक व्हावयास हवे.

४. सोन्याचा कस पाहणाऱ्या समाजाने लोखंडावरील मुलाम्याचाही कस मागावा, यातच ग्राहकाचे आणि मुलामा देणाऱ्या कामगाराचे हित आहे.