एसक्यूएलअल्केमी

एसक्यूएलअल्केमी : पायथनमधील ऑब्जेक्ट आणि रिलेशनल डेटाबेसमधील टेबल यांची सांगड घालणारी मुक्त-स्रोत लायब्ररी. अशा लायब्रऱ्यांना ओआरएम म्हणतात. कर्ते माइक बेयर. पहिली आवृत्ती २००६ साली आली, १.० ही २०१५ मध्ये आणि २.० ही जानेवारी २०२३ मध्ये. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट, ओरॅकल आदी डेटाबेसांबरोबर चालते.

रचना : खालचा थर ‘कोअर’, तो एसक्यूएल तयार करतो आणि एकटाही वापरता येतो. वरचा थर ओआरएमचा. जँगो या पायथन वेब फ्रेमवर्कच्या ओआरएममध्ये ऑब्जेक्ट स्वतःच स्वतःला साठवतो. इथे ते काम ‘सेशन’कडे, म्हणजे ऑब्जेक्टांतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या घटकाकडे, असते. मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या ग्रंथात मांडलेल्या ‘डेटा मॅपर’ आणि ‘युनिट ऑफ वर्क’ या रचनांवर ही विभागणी बेतली आहे.

नेहमीचे प्रश्न : नवशिक्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच : एसक्यूएल नेमके कधी धावते, हे कोडच्या ओळीकडे पाहून कळत नाही. शंभर ऑर्डरी एका क्वेरीत आल्या आणि लूपमध्ये प्रत्येकीच्या ग्राहकाचे नाव छापले, तर ग्राहक वेगवेगळे असल्यास आणखी शंभर क्वेऱ्या जातात, एकूण १०१, कारण ग्राहक हा वाचायला घेतल्यावरच आणला जातो. हीच ‘एन प्लस वन’ अडचण. ग्राहक तेच तेच असतील तर आकडा कमी भरतो, कारण एका सेशनमध्ये एका प्रायमरी कीचा एकच ऑब्जेक्ट असतो. म्हणूनच चाचणीच्या तुटपुंज्या डेटावर ही चूक लपून राहते. संबंधित ऑब्जेक्ट आधीच आणण्याचा ‘सिलेक्टइनलोड’ हा पर्याय लावला की १०१ च्या दोन क्वेऱ्या होतात. ‘जॉइन्डलोड’ने एकच होते, मात्र एका ग्राहकाच्या अनेक ऑर्डरी अशा उलट दिशेने आणताना ग्राहकाची माहिती दर ऑर्डरीमागे पुन्हा पुन्हा येते. इंजिनला (डेटाबेसशी जोडणी सांभाळणाऱ्या घटकाला) ‘इको’ चालू करून लॉग वाचणे हा पहिला उपाय. तो न करता ओआरएमला संथ म्हणणे अन्यायाचे आहे.

‘फ्लश’ म्हणजे साठलेले बदल डेटाबेसकडे धाडणे, ‘कमिट’ म्हणजे व्यवहार कायम करणे. फ्लशनंतर रोलबॅक करता येतो. ओआरएमची क्वेरी धावण्यापूर्वी सेशन, ती सोय बंद केली नसेल तर, आपणहून फ्लश करते. त्यामुळे दहा ओळी आधी घातलेल्या चुकीच्या रेकॉर्डची तक्रार एखाद्या साध्या सिलेक्टवर उमटते आणि माणूस निरपराध ओळ तपासत बसतो. कमिटनंतर ऑब्जेक्टमधील मूल्ये शिळी मानली जातात आणि पुढच्या वाचनाला पुन्हा क्वेरी जाते. मधल्या काळात सेशन बंद झाले असेल तर ‘डिटॅच्ड इन्स्टन्स’ची त्रुटी येते. वेब ॲपमध्ये एका रिक्वेस्टला एक सेशन हा रूढ नेम याचसाठी पाळावा. एक सेशन अनेक थ्रेडांत वाटू नये.

स्थलांतर : ‘क्रिएट ऑल’ फक्त नसलेली टेबले बनवते, असलेल्या टेबलात नवा कॉलम घालत नाही. त्यासाठी बेयर यांचेच ‘अलेम्बिक’ वापरतात. त्याने आपोआप लिहिलेली फाइल डोळ्यांखालून घातल्याशिवाय चालवू नये : कॉलमचे नाव बदलले तर त्याला जुना कॉलम गेला आणि नवा आला असेच दिसते, म्हणजे त्यातला डेटा गेलाच.

ओआरएम की हाताने लिहिलेले एसक्यूएल : मतभेद आहेत. किचकट अहवालांसाठी बरेच जण कोअर पसंत करतात.

एसिंक (असिंक्रोनस वापर) : १.४ (२०२१) पासून सोय.