शीड, तेल आणि वीज : ‘ट्रॉलिंग’ या शब्दाच्या अनुषंगाने

रत्नागिरीच्या उत्तरेस समुद्रालगत आरे-वारे ही जोडगावे आहेत. या किनाऱ्यावर गळास ‘गरी’ म्हणतात आणि गळाने मासे धरण्यास ‘गरवणे’. चालत्या होडीमागे आमिष लावलेली दोरी सोडून सुरमईसारख्या चपळ माशास भुलविणे हा गरवण्याचाच एक प्रकार होय. इंग्रजीत त्यास ‘ट्रॉलिंग’ म्हणतात. समुद्राच्या तळावरून मोठे जाळे फरफटत नेण्याच्या धंद्याचे इंग्रजी नाव वेगळे आहे. परंतु देवनागरीत उतरताना तेही ‘ट्रॉलिंग’च होते. एकात मासा एकेक करून येतो, दुसऱ्यात तळ खरवडला जातो. नावाचे हे ऐक्य यंत्राच्या निवडीतही घोटाळा करते.

जाळे ओढणाऱ्या नौकेस बळ हवे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरकरवी किनाऱ्याची पाहणी करविली, ती या जातीची. पुढे १९५० नंतरच्या दशकात सरकारी साहाय्याने कोकणातील होड्यांवर डिझेल इंजिने आली. गळ ओढणाऱ्यास मात्र बळापेक्षा संथ, एकसारखी गती हवी. ती शीड फुकट देत असे, तीही आवाजाविना. वारा पडला म्हणजे अर्थातच वल्ही होती.

होडीच्या पाठीमागे अडकविण्याच्या यंत्रांत वीज ही तेलाहून धाकटी, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नव्हे. गुस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीत विजेच्या, काढता-घालता येणाऱ्या यंत्राने होडी चालविली. ओले एव्हिनरूड याचे पेट्रोलचे यंत्र बाजारात आले ते १९०९ च्या सुमारास. (अमेरिकन लेखनात या दुसऱ्यास ‘गॅस मोटर’ म्हणतात. तेथील ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र सिलिंडर उभा राहतो.)

अग्रक्रम असूनही वीज मागे पडली, याचे कारण वजनात आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. लहान इंजिन तिचा पाचवा हिस्साच पंख्यापर्यंत पोहोचविते असे धरले, तरी सुमारे २.४ उरते. लिथियमच्या एक किलो बॅटरीत जेमतेम ०.१५ ते ०.२ मावते. म्हणजे दहा किलो पेट्रोलचे काम करण्यास शंभरावर किलो बॅटरी होडीत चढवावी लागते. अमेरिकेतील तळ्यांत हे अंतर जाणवत नाही. तेथे मौन हाच मोठा गुण. आरे-वारेसमोर उघडा अरबी समुद्र आहे. दुपारी वारा उठला आणि लाटा तोडून परतावयाचे झाले, तर उरलेली शक्ती हाच जीविताचा प्रश्न ठरतो. खाडीत, किनाऱ्याच्या दृष्टीत गरवणाऱ्याने वीज घ्यावी. बाहेर जाणाऱ्याने परतीसाठी तेलाचे यंत्र आणि संथ गतीसाठी विजेचे छोटे यंत्र, अशी जोडी ठेवणे रास्त. खर्च वाढतो, हे खरे.

‘ट्रॉलिंग’ म्हणताच ऐकणाऱ्यास तळ खरवडणारी नौकाच आठवते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा; नियमनाचा विषय निघाला की वादात पुढे येते ती हीच नौका, आणि नावाच्या साम्याने दोन दोऱ्यांचा गरवणाराही तिच्या पंक्तीस बसतो. पहिल्यास ‘तळजाळे ओढणे’ आणि दुसऱ्यास ‘ओढती गरी’ म्हणावयास काहीच प्रत्यवाय नाही. ‘गरी’ हा शब्द तर किनाऱ्यावर पूर्वीपासून आहेच.