क्लचच्या आवाजाचे निदान

क्लचच्या आवाजाचे निदान म्हणजे हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या मोटारीत क्लचचे पेडल दाबताना, सोडताना किंवा गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना येणाऱ्या आवाजाचा उगम शोधण्याची पद्धत होय. क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बंदिस्त कवचात बसवलेला असतो. बहुतेक मोटारींत गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. त्यामुळे सुटे भाग उघडण्यापूर्वी, आवाज पेडलच्या कोणत्या स्थितीत येतो आणि कोणत्या स्थितीत थांबतो यावरून दोषाचा अंदाज बांधला जातो. निदान चुकल्यास चांगला क्लच बदलला जातो आणि गिअरबॉक्समधील मूळ बिघाड तसाच राहतो. उलटपक्षी, पेडलच्या कोरड्या बुशसारख्या किरकोळ कारणासाठी विनाकारण गिअरबॉक्स उतरवला जाण्याची शक्यता असते.

रचना

इंजिनाच्या क्रँकशाफ्टला फ्लायव्हील जोडलेले असते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर रिव्हेट किंवा चिकटद्रव्याने बसवतात आणि तिच्या मध्यभागी इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या लहान स्प्रिंगा असतात. ही प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या खाचांवर बसते.

पेडल दाबल्यावर केबल किंवा द्रवदाबाच्या योजनेद्वारे क्लच फोर्क हलतो. फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि ते बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटे दाबते. त्यामुळे क्लच प्लेट मोकळी होते व इंजिनाचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तुटतो. काही मोटारींत फोर्क नसतो. तेथे इनपुट शाफ्टभोवती बसवलेला स्लेव्ह सिलिंडरच बेअरिंगला ढकलतो. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या मोटारींत इनपुट शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टमधील पायलट बेअरिंगमध्ये किंवा पितळी बुशमध्ये टेकलेले असते. इंजिन आडवे असलेल्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या अनेक छोट्या मोटारींत हे बेअरिंग नसते.

निदानाचे तत्त्व

बेअरिंगच्या आतील व बाहेरील कड्यांच्या वेगात फरक असतो तेव्हाच ते आवाज करते. निदानाची सर्व पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. पेडलच्या प्रत्येक स्थितीत कोणता भाग फिरतो व कोणता स्थिर असतो हे पुढीलप्रमाणे सांगता येते :

• इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेले : क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याला सतत गुंतलेले गिअर इंजिनाबरोबर फिरतात. इनपुट शाफ्टचे बेअरिंग काम करत असते. पायलट बेअरिंगची दोन्ही कडी सारख्याच वेगाने फिरत असल्याने ते शांत असते.

• पेडल किंचित दाबलेले : मोकळी हालचाल संपून रिलीज बेअरिंग डायफ्रामच्या बोटांना टेकते व फिरू लागते. क्लच अद्याप सुटलेला नसतो.

• पेडल पूर्ण दाबलेले : रिलीज बेअरिंगवर पूर्ण भार येतो. इनपुट शाफ्ट हळूहळू थांबतो आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातील आवाज बंद होतो. पायलट बेअरिंग असल्यास ते या वेळी फिरते.

• पेडल सोडताना, क्लच धरत असताना : अस्तर, प्लेटमधील स्प्रिंगा आणि इंजिनाचे माउंटिंग यांवर ताण येतो.

• इंजिन बंद असताना पेडल दाबणे : फिरणारा कोणताही भाग नसल्याने आवाज आल्यास तो पेडल, केबल, फोर्क किंवा त्याच्या टेकूचा असतो.

चाचणीचा क्रम

चाचणी मोकळ्या हवेत, सपाट जागी, हँडब्रेक ओढून व चाकांना अटकाव लावून करतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जीवितास धोका निर्माण होतो. प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबून ऐकले जाते. त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून इंजिन चालू केले जाते. ते गरम झाल्यावर पेडल अगदी सावकाश दाबले जाते आणि आवाज नेमका कोठे सुरू होतो, बदलतो किंवा थांबतो हे टिपले जाते. घाईने दाबल्यास किंचित दाब आणि पूर्ण दाब यांतील फरक लक्षात येत नाही आणि चाचणी निरुपयोगी ठरते.

पायलट बेअरिंग तपासण्यासाठी पेडल पूर्ण दाबून, ब्रेकवर पाय ठेवून गिअर टाकला जातो. त्यामुळे उभ्या गाडीत इनपुट शाफ्ट पूर्णपणे थांबतो व क्रँकशाफ्ट मात्र फिरत राहतो. शेवटी गाडी चालवून, निघताना आणि चढावर क्लच धरतानाचा आवाज तपासला जातो. पेडलच्या स्थितीने अजिबात न बदलणारा आवाज बहुधा क्लचचा नसून अल्टरनेटर, पाण्याचा पंप किंवा पट्ट्याच्या पुलीचा असतो.

आवाज आणि संभाव्य कारणे

पेडलला पाय टेकताच सुरू होणारी आणि दाब वाढेल तशी वाढणारी घरघर हे रिलीज बेअरिंग झिजल्याचे नेहमीचे लक्षण आहे. ज्या मोटारींत हे बेअरिंग डायफ्रामला कायम हलके टेकलेले असते, तेथे पेडल सोडलेले असतानाही कुरकुर ऐकू येते आणि किंचित दाब दिल्यावर ती बदलते किंवा थांबते. अशा वेळी दोष गिअरबॉक्सचा असल्याचा गैरसमज होऊ शकतो. म्हणून आवाज किंचित दाबाने थांबतो की क्लच पूर्ण सुटल्यावरच थांबतो, हे वेगळे पाहणे आवश्यक ठरते.

न्यूट्रलमध्ये येणारा व पेडल पूर्ण दाबल्यावर काही क्षणांत विरून जाणारा गुरगुराट इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे निर्देश करतो. येथे क्लच बदलून उपयोग होत नाही. त्याच स्थितीतील बारीक खडखड मात्र नेहमीच दोष दर्शवत नाही. इंजिनाच्या मंद गतीतील लहान चढउतारांमुळे भाररहित गिअरांचे दाते एकमेकांवर आपटतात आणि तेल गरम होऊन पातळ झाल्यावर हा आवाज वाढतो. गिअर तेलाची पातळी तपासणे हा येथील सर्वांत स्वस्त व पहिला उपाय होय. प्लेटमधील स्प्रिंगा तुटल्या असतील किंवा दोन भागांचे ड्युअल मास फ्लायव्हील झिजले असेल, तर खडखड अधिक जड व ठोकल्यासारखी असते आणि विशेषतः इंजिन बंद करताना वा सुरू होताना जाणवते.

पेडल दाबताना येणारी चीं चीं किंवा करकर, जी इंजिन बंद असतानाही येते, ती कोरडे बुश, घासणारी केबल किंवा फोर्कच्या टेकूवरील वंगण संपल्यामुळे येते. क्लच धरताना धातूवर धातू घासल्याचा आवाज आणि चढावर इंजिनाचा वेग वाढूनही गाडी न वाढणे ही दोन लक्षणे एकत्र दिसल्यास अस्तर संपून रिव्हेट फ्लायव्हीलला घासत असण्याची शक्यता असते. निघताना गाडी थरथरत असेल, तर अस्तरावर तेल पडणे, फ्लायव्हीलवर उष्णतेचे डाग पडणे अथवा इंजिनाचे माउंटिंग सैल होणे ही कारणे तपासली जातात.

रिव्हर्स गिअर टाकताना होणारी खरखर अनेकदा क्लचच्या आवाजात गणली जाते. प्रत्यक्षात ती क्लच पूर्ण सुटत नसल्याचे चिन्ह असते. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोमेश नसल्याने हा दोष तेथे प्रथम दिसतो. पेडल पूर्ण दाबल्यावर इंजिनाचा वेग लक्षणीय उतरून खोल ठोका ऐकू आल्यास क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत का हे पाहावे लागते, कारण क्लच दाबण्याचा भार अखेर त्यांच्यावरच येतो.

कारणे आणि प्रतिबंध

पेडलवर सतत पाय ठेवून गाडी चालवल्यास रिलीज बेअरिंगवर अखंड भार राहतो. शहरातील रखडत्या वाहतुकीत किंवा घाटातील चढावर ब्रेकऐवजी अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी रोखून धरल्यास अस्तर तापून लवकर झिजते. केबलच्या क्लचमध्ये मोकळी हालचाल न उरल्यास हाच परिणाम आपोआप होतो; म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेतील मापानुसार ती तपासली जाते. पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीत गंजामुळे क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटण्याचे प्रकार घडतात.

जुन्या मोटारींत वेगळी रचनाही आढळते. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या ब्रिटिश मोटारीत गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी कार्बनचे कडे वापरलेले होते. ते फिरत नसल्याने त्यात बेअरिंगची घरघर नसते, मात्र पेडलवर पाय ठेवून चालवल्यास ते झपाट्याने झिजते.

दुरुस्ती

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असल्याने क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सहसा एकत्रच बदलले जातात. त्याच वेळी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील, पायलट बेअरिंग आणि इनपुट शाफ्टची हालचाल तपासणे उचित ठरते. कायमचे वंगण भरलेले बेअरिंग पेट्रोलने धुतल्यास आतील ग्रीस निघून जाते. इनपुट शाफ्टच्या खाचांवर जास्त ग्रीस लावल्यास ते अस्तरावर उडते.

दुरुस्तीनंतर लगेच नवा आवाज येणे हे बहुधा जोडणीतील चुकीचे लक्षण असते. क्लच प्लेट उलट बसवणे, फोर्क टेकूवर नीट न बसणे, बेअरिंगची क्लिप सुटणे किंवा गिअरबॉक्स इंजिनाशी सरळ रेषेत ठेवणाऱ्या खुंट्या राहून जाणे ही त्याची काही कारणे आहेत.

सुरक्षितता

जुन्या क्लचच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात असे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. त्यामुळे क्लचच्या कवचातील धूळ फुंकून किंवा दाबयुक्त हवेने उडवली जात नाही. ती ओल्या फडक्याने पुसली जाते. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली काम करणे धोकादायक असून भक्कम स्टँड आवश्यक असतात.

अनेक मोटारींत क्लच व ब्रेक यांना एकाच टाकीतून द्रव मिळतो. तेथे क्लच सुटण्यात अडचण येत असेल आणि द्रवाची पातळी घटलेली असेल, तर गळती ही ब्रेकच्या सुरक्षिततेचीही बाब ठरते. घरघर करणारे रिलीज बेअरिंग काही काळ चालू शकते; परंतु ते जाम झाल्यास डायफ्रामची बोटे कापली जाऊन क्लच सुटेनासा होतो. चालत्या गाडीत असे घडल्यास ब्रेकने वेग कमी करत, गिअर न्यूट्रलमध्ये आणून गाडी रस्त्याच्या कडेला घेणे आणि ती थांबल्यावर इंजिन बंद करणे योग्य ठरते. गिअर निघत नसल्यास ब्रेक दाबून धरून गाडी थांबवावी लागते. त्या वेळी इंजिन बंद पडते.

हे सुद्धा पहा

क्लच
गिअरबॉक्स
फ्लायव्हील
बेअरिंग