पिसवेच्या पोटातील लढाई

‘प्लेगच्या सालात’ या दोन शब्दांनी सुरू होणाऱ्या हकिगती पुणे जिल्ह्यात पुष्कळ घरांतून सांगितल्या जात. कोणाचा जन्म, कोणाचे लग्न, भावाभावांतली वाटणी, सारे त्या सालावरून मोजावयाचे. उंदीर पडू लागले की घराला कडी लावावी आणि रानात खोपटे घालून राहावे, हे शहाणपण लोकांना कोणा साहेबाने शिकविले नव्हते. कारण ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते.

मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला तो 23 सप्टेंबर 1896 रोजी. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची जागा. उंदरांना तेथे बारमाही दिवाळी. माणसे भयाने आगगाडीत बसून पळाली, आणि पोती तर नित्याप्रमाणे जातच होती. इंग्रजी कागदांत ‘धोंड’ म्हणून लिहिलेले आपले दौंड तेव्हा जंक्शन होऊन बसले होते, कारण 1878 साली तेथून मनमाडचा फाटा निघाला होता. शिरूरला रेल्वे नव्हती, आजही नाही. पण घोडनदीच्या काठची ती पेठ पुणे-नगरच्या वाटेवरची. जेथे पोते जाते तेथे उंदीर जाऊ शकतो, आणि उंदराबरोबर त्याच्या अंगावरची पिसू.

पुण्यात 1897 साली काय घडले ते वाचकांस सांगावयास नको. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च रोजी सावित्रीबाई गेल्या. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्या धामधुमीत पिसवेकडे पाहण्यास कोणास फुरसत होती? ती काढली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने. 1898 साली कराचीत त्याने रोगी उंदराजवळ निरोगी उंदीर असा ठेवला की दोघांचा स्पर्श होऊ नये, पण पिसू उडी मारून जावी. दुसरा उंदीरही प्लेगने मेला. शास्त्रीय जगाने मात्र सिमोंचे म्हणणे हसण्यावारी नेले! 1905 पासून मुंबईत काम करणाऱ्या आयोगाने ते खरे ठरविले, तोवर माणसे लाखांनी मेली होती.

पुढे 1914 साली बेकट व मार्टिन यांना दिसले की पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो. रक्त खाली उतरत नाही, उपाशी पिसू चवताळून चावत सुटते, आणि दर चाव्यागणिक जंतू बाहेर ओकते.

पण पिसवेच्या पोटात जंतू टिकतो कसा? हा प्रश्न अलीकडचा, आणि मला सर्वांत मनोरंजक वाटतो. कीटकांच्या अंगी प्रथिनांच्या आखूड तुकड्यांची शस्त्रे असतात. त्यांना पेप्टाइडे म्हणतात. त्यांच्यावर विजेचा धन भार असतो, जंतूच्या कातडीवर ऋण. म्हणून ती तेथे चिकटतात आणि कातडी फोडतात. प्लेगचा जंतू काय करतो? पिसवेच्या अंगातील थंडाव्यात तो आपल्या बाह्य आवरणावर एका साखरेची धन भाराची रेणुपट्टी चढवितो. मग शस्त्राला ओढच राहत नाही. माणसाच्या उबेत आल्यावर तो ही पट्टी बरीच कमी करतो. पण तेव्हा आवरणाचा आकारच असा बदलतो की आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रू ओळखू येत नाही. शिवाय आपल्या पेप्टाइडांचे तुकडे करणारी एक कात्रीही त्याच्याजवळ असते.

ही युक्ती प्लेगच्या जंतूचीच मक्तेदारी नाही. 1987 साली मायकेल झासलॉफ यांना बेडकाच्या कातडीत अशी पेप्टाइडे सापडली, आणि जंतू यांना दाद देणार नाहीत हे फार असंभाव्य, असे त्यांचे मत होते. ग्रॅहम बेल यांनी आव्हान दिले. प्रयोगशाळेत औषधाचा जोर वाढवीत 600 ते 700 पिढ्या वाढविल्या, आणि 24 पैकी 22 कुळे प्रतिकारक झाली. 2006 साली तो निकाल छापला गेला, झासलॉफ यांच्याही नावासह. हा मनाचा मोठेपणा.

कोलिस्टिन हे मातीतील जंतूपासून मिळालेले पेप्टाइड औषध डॉक्टर अखेरच्या उपायासाठी राखून ठेवतात. तेच कोंबड्यांच्या खाद्यात घालून त्यांची वाढ साधली जाई. 2015 साली चीनमध्ये असे जनुक सापडले की जे कोलिस्टिनच्या निशाण्यावरील आवरणावर तशीच रेणुपट्टी चढविते, आणि एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे उडी मारते. प्लेगच्या जंतूस ही विद्या वारशाने मिळाली होती. आता ती उसनवारीनेही मिळू लागली. जुलै 2019 मध्ये भारत सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. कोंबड्यांचा धंदा भरभराटीस आलेल्या पुणे जिल्ह्यालाही ती लागू आहे.