अभयाचा कौल आणि त्याची किंमत

जुने कागद जपणे हे ग्रंथालयाचे कामच आहे. परंतु टाकून दिलेल्या कागदांचा ढीग हाच पुढे इतिहासाचा मोठा ठेवा ठरावा, असा योग क्वचितच येतो. जुन्या कैरोतील फुस्तात या भागात बेन एझरा नावाचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. परमेश्वराचे नाव ज्यावर लिहिले असेल तो कागद जाळू नये वा फाडून टाकू नये, असा ज्यूंचा दंडक. म्हणून जीर्ण झालेल्या पोथ्या तेथील एका बंद कोठडीत टाकल्या जात. अशा कोठडीस हिब्रू भाषेत ‘गेनिझा’ म्हणतात. पोथ्यांच्या बरोबरीने व्यापाऱ्यांची पत्रे, हिशेब, विवाहाचे करार, औषधांच्या याद्या, मुलांनी गिरवलेली मुळाक्षरे असे सर्व काही त्या कोठडीत पडत गेले. १८९६-९७च्या हिवाळ्यात केंब्रिजचे पंडित सॉलोमन शेख्टर यांनी त्यातील सुमारे १,९३,००० तुकडे आपल्या विद्यापीठात नेले. इतर ठिकाणी विखुरलेले तुकडे धरले, तर ही संख्या ३,००,०००च्या पुढे जाते. एस. डी. गॉइटाइन यांनी आयुष्याची कित्येक वर्षे या कागदांवर खर्ची घातली आणि अकराव्या ते तेराव्या शतकांतील भूमध्य समुद्राकाठच्या समाजजीवनाचे चित्र पाच खंडांत उभे केले.

इस्लामी राजवटीत ज्यू आणि ख्रिस्ती कसे राहिले, या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. कोणी म्हणतात, तो सहिष्णुतेचा सुवर्णकाळ होता. कोणी म्हणतात, ती अखंड छळाची कहाणी होती. दोन्ही पक्षांना आपापले दाखले सापडतात. गेनिझातील कागद लिहिणाऱ्यांना मात्र कोणताही पक्ष मांडावयाचा नव्हता. त्यांना उधारी वसूल करावयाची होती, मुलीचे लग्न जुळवावयाचे होते, दूर गेलेल्या भावाची खुशाली विचारावयाची होती. म्हणूनच त्यांची साक्ष अधिक मोलाची वाटते.

या प्रश्नाचे मूळ इस्लामच्या आरंभकाळात आहे. ज्यू आणि ख्रिस्ती यांना कुराणात ‘अहल अल-किताब’, म्हणजे ईश्वरी ग्रंथ लाभलेले लोक, म्हटले आहे. धर्माच्या बाबतीत सक्ती नसावी, अशा आशयाचे वचन त्यात आहे (२:२५६). आणि या ग्रंथधारकांशी लढावे, त्यांनी नमून जिझिया द्यावा, अशा आशयाचेही आहे (९:२९). प्रत्यक्ष इतिहासही असाच दुहेरी आहे. मदिनेतील बनू कुरैझा या ज्यू टोळीतील पुरुषांची ६२७ साली कत्तल झाली. आणि पुढच्याच वर्षी खैबरच्या ज्यूंना निम्मे पीक देण्याच्या अटीवर त्यांच्या जमिनीवर राहू देण्यात आले. ६३८च्या सुमारास जेरुसलेम खलिफा उमर यांच्या ताब्यात आले, तेव्हा तेथील ख्रिस्ती चर्चेस अभय मिळाले. यातून ‘जिम्मा’ ही कल्पना घडत गेली. जिम्मा म्हणजे हमी किंवा संरक्षण. ज्यांना ती मिळाली ते जिम्मी. आपल्या जुन्या दप्तरांतील शब्द वापरावयाचा, तर हा राज्यकर्त्याने दिलेला कौल होता. प्रजेने ठरावीक कर द्यावा आणि अटी पाळाव्या. सरकारने तिच्या जीविताचे, मालमत्तेचे आणि धर्माचे रक्षण करावे.

या अटींची यादी ‘उमरचा करार’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिचे आजचे रूप उमर यांच्या काळानंतर हळूहळू बनत गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नवी चर्च वा प्रार्थनामंदिरे बांधू नयेत, जुन्यांची डागडुजी करू नये, क्रूस उघडपणे मिरवू नये, घोड्यावर खोगीर घालून बसू नये, शस्त्र बाळगू नये, वेगळा पोशाख करावा, मुसलमान आला असता त्यास बसावयास जागा द्यावी, अशी ही यादी आहे. तिचा सारांश एवढाच, की रक्षण मिळेल, पण बरोबरी मिळणार नाही.

आता गेनिझाकडे वळू. इजिप्तवर त्या वेळी फातिमी खलिफांचे राज्य होते. गेनिझातील पत्रांत ज्यूंची वेगळी, कोंडलेली वस्ती दिसत नाही. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. मुसलमान आणि ज्यू व्यापारात भागीदार आहेत. ज्यूंची स्वतःची न्यायालये आहेत, तरी सोयीचे वाटल्यास ते काझीकडेही दाद मागतात. वेगळ्या पोशाखाच्या अटीची अंमलबजावणी या काळातील पत्रांत जवळजवळ दिसत नाही. भाषा अरबी आणि लिपी हिब्रू, अशी बहुतेकांच्या लिखाणाची रीत आहे. ख्रिस्ती लोकांची स्थितीही अशीच होती. सरकारी कचेऱ्यांत कॉप्ट ख्रिस्ती कारकून मोठ्या संख्येने होते. खलिफा अल्-अझीझ याचा ईसा इब्न नस्तूरस हा वजीर ख्रिस्तीच होता. सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठात, तेथील साधूंना कोणी उपद्रव देऊ नये अशी फातिमी खलिफांची आज्ञापत्रे जपून ठेवलेली आहेत. आणि त्याच मठाच्या तटबंदीच्या आत फातिमी काळातील एक मशीदही उभी आहे.

तथापि हेच कागद त्या अभयाची किंमतही सांगतात. प्रत्येक प्रौढ पुरुषामागे दर वर्षी जिझिया भरावा लागे. श्रीमंत व्यापाऱ्यास तो जड नव्हता. पण कारागीर, विधवेचा कमावता मुलगा, गावात नवा आलेला निर्वासित यांचे पुरते हाल होत. कर भरल्याची पावती जवळ नसेल, तर प्रवासाला निघणे धोक्याचे असे. कित्येक पत्रांत कर थकल्यामुळे घराबाहेर पडण्याची सोय उरली नसल्याचे रडगाणे आहे. गरिबांचा कर भरण्यासाठी समाजातील सधन मंडळी वर्गणी काढीत. जिझिया ही किरकोळ रक्कम होती, अशी इतिहासकारांची पूर्वी समजूत होती. गरिबांच्या या पत्रांमुळे ती बदलावी लागली, असे गॉइटाइन यांनी दाखवून दिले.

याहून मोठी उणीव अशी, की हा कौल राज्यकर्त्याच्या मर्जीवर टांगलेला होता. गेनिझातील एक हिब्रू गुंडाळी याची साक्ष देते. १०११ सालच्या अखेरीस फुस्तातमध्ये एका ज्यू प्रार्थनागायकाची अंत्ययात्रा निघाली असता जमावाने तिच्यावर हल्ला केला. कित्येक ज्यूंना पकडून त्यांच्यावरच खटला भरण्यात आला आणि त्यांना देहदंडाची शिक्षा झाली. त्यांच्या आप्तांनी खलिफा अल्-हाकिम याच्याकडे धाव घेतली. त्याने चौकशी केली, साक्षी खोट्या ठरल्या आणि कैदी सुटले. समाजाने त्या खलिफाची न्यायी म्हणून स्तुती लिहून ठेवली. पण याच अल्-हाकिमने १००९ मध्ये जेरुसलेमचे पवित्र कबरीचे चर्च पाडविले होते. आणि लवकरच ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांवरही कुऱ्हाड कोसळली. बेन एझराही त्यातून वाचले नाही. पुढे कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यानेच सक्तीने बाटविलेल्यांना आपापल्या धर्मात परतण्याची मोकळीक दिली. जेरुसलेमचे चर्च आणि बेन एझरा ही दोन्ही त्याच्या मागून पुन्हा उभी राहिली. करारातील कलमे अक्षरशः पाळली असती, तर हे घडले नसते. पण पाडणे आणि बांधणे या दोन्हींचा निर्णय एकाच सिंहासनावरून होत होता.

हाच अनुभव मूसा इब्न मैमून, म्हणजेच मायमोनिडीस, याच्या आयुष्यातही दिसतो. तो स्पेनमधील कॉर्डोबाचा. ११४८ मध्ये तेथे अल्-मोहद सत्ता आली आणि तिने जिम्मींचे अभयच काढून घेतले. त्याचे कुटुंब देशोधडीला लागले. मोरोक्कोतील फेझ आणि पॅलेस्टाईन येथून फिरत अखेर तो फुस्तातला स्थिरावला. म्हणजे एका मुसलमान सत्तेमुळे परागंदा झालेल्या या पंडिताला दुसऱ्या मुसलमान सत्तेने आश्रय दिला. येथे तो सलाउद्दीनच्या वजिराचा वैद्य झाला आणि इजिप्तमधील ज्यूंचा नेताही झाला; त्याचा मुख्य तत्त्वज्ञानग्रंथ अरबी भाषेतच, पण हिब्रू लिपीत लिहिला गेला. येमेनमध्ये ज्यूंवर धर्मांतराची सक्ती झाली, तेव्हा ११७२ मध्ये त्यांना धीर देणाऱ्या पत्रात त्याने इस्लामी सत्तेविषयी अत्यंत कडवट शब्द वापरले. हे शब्द लिहिणाराही तोच आणि मुसलमान रुग्णांची नाडी पाहणाराही तोच. त्याची एकच बाजू पुढे करणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

या मायमोनिडीसचा धाकटा भाऊ डेव्हिड भारताच्या व्यापारासाठी निघाला आणि समुद्रात बुडून मरण पावला. तांबड्या समुद्रावरील ऐझाब बंदरातून त्याने पाठविलेले पत्र गेनिझात मिळाले आहे. याच मार्गाने त्याच्या आधी आलेला ट्युनिशियाचा अब्राहम बेन यिजू आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरला सुमारे सतरा वर्षे राहिला. ११३२ साली त्याने अशू नावाच्या दासीस मुक्त केल्याचे मंगळुरी झालेले पत्र त्या कोठडीत सापडले. एडनहून त्याच्यासाठी भेटीदाखल कागद येत असे. एडनचे ज्यू, अरब मुसलमान आणि भारतीय नाखुदे यांच्या विश्वासावर चालणारा तो व्यवहार होता.

पुढे काळ कठीण झाला. मामलुक राजवटीत १३०१ मध्ये ख्रिस्ती लोकांना निळी आणि ज्यूंना पिवळी पागोटी सक्तीची झाली. तरीही तुलना करताना युरोप विसरून चालणार नाही. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या ज्यूंच्या कत्तली झाल्या, १२९० मध्ये इंग्लंडने ज्यूंना हद्दपार केले. १४९२ मध्ये स्पेनने तेच केले, तेव्हा त्यांतील अनेकांना ऑटोमन सुलतान बायझिद दुसरा याच्या राज्यात आसरा मिळाला. खालच्या पायरीवर का होईना, ज्यूंना कायद्यात निश्चित जागा होती, हा फरक लहान नव्हे.

१८५६च्या ऑटोमन फर्मानाने धर्मनिरपेक्ष समान दर्जाची घोषणा केली आणि जिम्म्याची जुनी चौकट मोडली. पण समानतेचा कागदही आपोआप रक्षण करीत नाही. १९४८ आणि १९५६च्या युद्धांच्या धुमाळीत इजिप्तमधील सुमारे ७५,००० ज्यूंचा शतकानुशतकांचा समाज पांगला. बेन एझराचा जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये ते पाहुण्यांसाठी पुन्हा खुले झाले आहे. नित्य प्रार्थना मात्र तेथे होत नाही.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सहिष्णुता ही कोणीतरी कोणाला दिलेली वस्तू असते आणि देणाऱ्यास ती परत घेता येते. तिच्या जागी समान हक्क यावेत, हे योग्यच. पण हक्कांना जिवंत ठेवतो तो शेजार: भिंतीला लागून असलेले घर, भागीदाराचा शब्द, धर्म न विचारता औषध देणारा वैद्य. राजांच्या आज्ञा बखरकारांनी लिहून ठेवल्या. शेजाराची नोंद मात्र एका अंधाऱ्या कोठडीने ठेवली, कारण लिहिलेला कागद नष्ट करू नये एवढी एकच शिकवण तेथील माणसे निष्ठेने पाळत होती. शंभर वर्षे कागद सांभाळणाऱ्या संस्थेच्या सभासदांना त्या निष्ठेचे मोल वेगळे सांगावयास नको.