विलंबाचा कर्ता : युद्धोत्तर महाराष्ट्रातील प्रतीक्षेविषयी काही विचार

एखादे काम ‘लांबणीवर टाकले’ आणि ते ‘लांबणीवर पडले’, या दोन प्रयोगांत मराठी बोलणारा सहज भेद करतो. पहिल्यात कर्ता गृहीत असतो. दुसऱ्यात तो दृष्टीआड होतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांतील पुष्कळसा विलंब ‘पडलेला’ म्हणून सांगितला जातो. तो कोणी टाकला, कोणत्या हेतूने टाकला आणि वाट पाहणाऱ्यास त्याचे कारण कितपत कळले, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवेत.

मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. युद्ध १९४५ मध्ये संपले; शिधापत्रिका मात्र राहिली. महात्मा गांधींच्या आग्रहानंतर डिसेंबर १९४७ मध्ये धान्यावरील नियंत्रणे उठविण्यास प्रारंभ झाला. परंतु भाव भडकल्यामुळे १९४८ च्या उत्तरार्धात ती पुन्हा आणावी लागली. अखेर रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना, १९५४ मध्ये, ती दूर झाली. दुकानापुढे ताटकळणे कष्टाचे होते, तथापि त्या प्रतीक्षेला क्रम होता. पुढे कोण, मागे कोण, माणशी शिधा किती, हे उघड असे. ‘नंबर लावणे’ आणि ‘नंबर लागणे’ यांतील नाते तेथे तुटलेले नव्हते.

उद्योगक्षेत्रात हे नाते सैल झाले. १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) कायद्याने अनुसूचित उद्योगांतील नव्या कारखान्यास व मोठ्या विस्तारास परवाना आवश्यक ठरविला. अपुरे भांडवल व परकीय चलन नियोजनाच्या अग्रक्रमानुसार वापरावे, हा त्यामागील हेतू होता. परंतु १९६७ च्या हजारी अहवालाने दाखविले की, काही मोठ्या उद्योगसमूहांनी अनेक परवाने आगाऊ मिळवून उत्पादनक्षमता अडवून धरली होती. एकाचा विलंब हे दुसऱ्याचे संरक्षण ठरले. त्याची किंमत स्कूटर वा टेलिफोन नोंदवून वर्षानुवर्षे थांबणाऱ्या ग्राहकानेही मोजली. बहुतेक उद्योगांवरील हे परवानाबंधन जुलै १९९१ मध्ये उठले.

राजकारणात तर क्रमच नाहीसा झाला. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व काँग्रेसने १९२० मध्ये नागपूर अधिवेशनात आपल्या संघटनेपुरते स्वीकारले होते. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली. त्यानंतर १९४८ मध्ये दार आयोगाने प्रतिकूल मत दिले. १९४९ मध्ये नेहरू, पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने, आंध्रापुरती वाट मोकळी ठेवून, हा प्रश्न काही काळ पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. फाळणीच्या जखमा ताज्या असताना राष्ट्रीय ऐक्याविषयी या नेत्यांना वाटणारी काळजी दिखाऊ होती, असे म्हणता येणार नाही. परंतु ‘काही काळ’ म्हणजे किती, हे सांगितले गेले नाही.

पोट्टी श्रीरामुलु यांच्या उपोषणातील मृत्यूनंतर १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले. विलंब संपविण्याचा मार्ग अर्जातून जात नाही, हा बोध इतरांनी त्यावरून घेतला असल्यास नवल नाही. राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालाने मराठी भाषिकांचे समाधान झाले नाही. नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार होऊन माणसे मेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक राज्य आले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळविले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगावचा प्रश्न त्यानंतरही उरला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने तो मिटला नाही आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

या तिन्ही क्षेत्रांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रतीक्षा किती दीर्घ, यापेक्षा तिचा क्रम किती उघड, यावर लोकांची सहनशीलता अवलंबून राहिली. शिध्याच्या रांगेत माणसे कुरकुरली, पण उभी राहिली. ज्या रांगेला क्रमांकच नव्हता, ती सोडून ती रस्त्यावर आली. म्हणून ‘पडले’ या क्रियापदामागील ‘टाकणारा’ शोधणे, हे केवळ व्याकरणाचे काम राहत नाही.